जवळची बैठक कुठे आहे? अक्रनपासून हेमलकशापर्यंत

 

आजचा भाग एका मेसेजवरून सुचला. मागच्या महिन्यात एका मुलाने लिहिलं होतं, "दादा, माझ्या बाबांनी दारू सोडून चाळीस दिवस झाले. आम्ही हेमलकशाच्या बाजूला एका गावात राहतो. डॉक्टर म्हणाले, एखादा गट शोधा, एकट्याने टिकत नाही. पण गट म्हणजे नेमकं काय असतं? आणि इथे जंगलात तो आणायचा कुठून?" नाव-गाव न सांगता हे वाचून दाखवायला त्याची परवानगी घेतली आहे.

मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण हा प्रश्न आमच्याही घरात येऊन गेला आहे. माझे बाबा आलापल्ली ते बल्लारपूर बांबूचा ट्रक चालवायचे आणि प्यायचे. एकदा आम्ही पैसे गोळा करून त्यांना दूरच्या मोठ्या शहरातल्या एका केंद्रात महिनाभर ठेवलं. परत आले तेव्हा चेहरा उजळला होता, आईने पुरणपोळी केली होती. एकोणीस दिवस टिकलं. विसाव्या दिवशी पुन्हा तेच. केंद्रात शिकवलेलं काही चुकीचं नव्हतं. पण संध्याकाळी सहा वाजता जीव कासावीस झाला की ज्याच्याकडे जाऊन बसावं असा एकही माणूस आमच्या गावात नव्हता. पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

आधी इतिहास बघू. आज आपण ज्याला 'सपोर्ट ग्रुप' म्हणतो, त्याचं रूप कोणी वरून ठरवून दिलेलं नाही. प्रत्येक ठिकाणच्या माणसांनी ते आपल्या गरजेप्रमाणे वाकवून घेतलं आहे. हे एकदा कळलं की हेमलकशातला प्रश्नही जरा सोपा होतो.

दारूच्या गुत्त्यात सुरू झालेली गोष्ट

एप्रिल १८४०. अमेरिकेतलं बाल्टिमोर शहर. चेज नावाच्या माणसाच्या गुत्त्यात बसून पिणाऱ्या सहा जणांनी ठरवलं की आता बास. त्यांनी शपथ घेतली आणि एक संघ काढला, 'वॉशिंग्टोनियन'. त्याआधीही दारूविरोधी सभा व्हायच्या, पण तिथे न पिणारे लोक पिणाऱ्यांना उपदेश करायचे. इथे पिणारा माणूस उभा राहून आपलीच गोष्ट सांगायचा आणि दुसऱ्या पिणाऱ्याला आत बोलवायचा. हे लोकांना इतकं पटलं की थोड्याच वर्षांत लाखो माणसं शपथ घेऊन बसली. १८४२ मध्ये स्प्रिंगफिल्डच्या वॉशिंग्टोनियन मंडळींसमोर एका तरुण वकिलाचं भाषण झालं. त्याचं नाव अब्राहम लिंकन.

आणि मग? दहा वर्षंही नीट टिकलं नाही. दारूबंदीचा कायदा हवा की नको, कोणत्या राजकीय बाजूने उभं राहायचं, यावर भांडणं लागली. दारू सोडून आलेला माणूस आपली गोष्ट सांगायला आला होता, तो सभा-मोर्च्यांच्या गर्दीत हरवला. ही गोष्ट लक्षात ठेवा, गडचिरोलीत आल्यावर लागणार आहे.

सहा तासांची भेट

पुढचा टप्पा मे १९३५, अमेरिकेतलंच अक्रन शहर. न्यूयॉर्कचा बिल विल्सन धंद्याच्या कामाने तिथे आला होता. काम फसलं. दारू सोडून काही महिनेच झाले होते आणि हॉटेलमध्ये समोरच बार. त्याने फोन उचलला आणि अनोळखी लोकांना विचारत सुटला, "इथे दारूने त्रासलेला कोणी आहे का, मला त्याच्याशी बोलायचंय." त्यातून भेटले डॉक्टर बॉब स्मिथ. हे शल्यचिकित्सक स्वतःच दारूत बुडालेले. ते फक्त पंधरा मिनिटं द्यायला तयार झाले होते. बोलणं सहा तासांहून जास्त चाललं.

बिल तिथे डॉक्टरांवर उपकार करायला गेला नव्हता. तो स्वतःला वाचवायला गेला होता. दुसऱ्या पिणाऱ्याशी बोललं की आपली तहान आवरते, हे त्याला कळलं होतं. १० जून १९३५ ला डॉक्टर बॉब शेवटचं प्यायले. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ए.ए., आपला वाढदिवस तोच मानते.

ए.ए.ने पुढे जे नियम घालून घेतले त्यांत वॉशिंग्टोनियनांचा धडा दिसतो. बाहेरच्या कुठल्याही वादात पडायचं नाही, दारूबंदीच्या सुद्धा. फी नाही. सदस्य व्हायला एकच अट, दारू सोडायची इच्छा. आणि नाव गुप्त. १९३५ सालच्या अमेरिकेत 'दारुड्या' हा शिक्का बसला की नोकरी, पत, सगळं जायचं. म्हणून आडनाव सांगायचं नाही. शहरात ते जमतं, कारण शहरात दोन गल्ल्या ओलांडल्या की आपल्याला कोणी ओळखत नाही.

आता कोणी विचारेल, हे सगळं खरंच चालतं का? २०२० मध्ये कोक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि १० हजारांहून जास्त माणसांची माहिती एकत्र तपासली. वर्षभर पूर्णपणे दारूपासून दूर राहण्याच्या बाबतीत ए.ए. आणि तिच्याकडे नेणारे उपचार इतर मान्य उपचारांच्या बरोबरीने किंवा थोडे जास्तच उपयोगी ठरले. यातले बहुतेक अभ्यास पाश्चात्त्य देशांतले आहेत, हे मात्र ध्यानात असू द्या.

मुंबई, पुणे आणि जपान

भारतात ए.ए.ची मुंबईतली बैठक १९५७ मध्ये सुरू झाली. सुरुवातीला इंग्रजी बोलणारे, मग हळूहळू मराठी, हिंदी. १९८१ मध्ये मुंबईतच फादर जो परेरा यांनी 'कृपा फाउंडेशन' काढलं, त्यात बारा पायऱ्यांच्या जोडीला योग आला. इथपासूनच आपल्याकडच्या माणसांनी त्यात आपलं काही घालायला सुरुवात केलेली दिसते.

मग पुणे. अनिल अवचट गर्दच्या व्यसनावर लिहीत होते. ते वाचून पु. ल. देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी पैशांची मदत केली. त्यातून २९ ऑगस्ट १९८६ ला 'मुक्तांगण' उभं राहिलं. ते चालवलं मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी. मुक्तांगणने बायकोचा प्रश्न पुढे आणला. नवरा पितो तेव्हा मार ती खाते, उधारी ती फेडते, आणि वर 'तुझ्यामुळेच पितो' हेही ऐकते. तिला बोलायला स्वतःची जागा हवी, म्हणून तिच्यासाठी वेगळा गट, 'सहचरी'. अमेरिकेत घरच्यांसाठी 'अल-अनॉन' १९५१ पासून होतंच. पुण्यात ते मराठी घराच्या भाषेत आलं.

आता जरा लांब, जपानला जाऊ. तिथेही ए.ए.ची कल्पना पोचली, पण नाव लपवून, घरच्यांना बाहेर ठेवून बसणं तिथल्या लोकांना जमेना. म्हणून त्यांनी 'दानशुकाई' नावाचे स्वतःचे गट काढले आणि १९६३ मध्ये त्यांचा देशभराचा संघ झाला. तिथे माणूस पूर्ण नाव सांगतो आणि नवरा-बायको शेजारी बसतात. तो त्याची बाजू सांगतो, ती तिची. गुप्तता हा ए.ए.चा कणा, तोच त्यांनी काढून टाकला आणि तरी गट उभा राहिला. आतली गोष्ट मात्र तीच राहिली: त्याच खड्ड्यात पडलेली दोन माणसं एकमेकांशी खरं बोलतात.

हेमलकशाचा विचार करताना मला बाल्टिमोरपेक्षा हे जपानी गट जास्त जवळचे वाटतात. सांगतो का ते.

मोहाच्या झाडाखाली

ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी. हेमलकसा भामरागड तालुक्यात आहे, गडचिरोली जिल्ह्याच्या पार टोकाला, छत्तीसगडच्या सीमेशी. २३ डिसेंबर १९७३ ला बाबा आमट्यांनी इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे इथेच राहिले, दवाखाना झाला, शाळा झाली. तेव्हा हा सगळा चंद्रपूर जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा झाला. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता अनेकदा बंद व्हायचा. म्हणजे 'दर मंगळवारी आणि शुक्रवारी बैठकीला या' हे वाक्य इथे जून ते सप्टेंबर लागू पडेलच असं नाही.

आणि इथली दारू म्हणजे आधी मोह. माडिया माणसासाठी मोहाचं झाड हे नुसतं दारूचं झाड नव्हे. फुलं खातात, वाळवून ठेवतात, विकतात, टोळीचं तेल काढतात. जन्म, लग्न, मरण, देवाचं कार्य, सगळीकडे मोहाच्या दारूचे थेंब आधी जमिनीवर पडतात, मग माणसाच्या ओठाला लागतात. बाहेरून येऊन कोणी 'मोह म्हणजे विष' म्हणाला तर लोक मान हलवतील आणि उठून जातील. पण देवाला वाहिलेली दारू वेगळी, आणि रोज सकाळपासून प्यायलेली, विकत घेतलेली, घर बुडवणारी दारू वेगळी. हा फरक गावातल्या बायकांना कोणी शिकवावा लागला नाही.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' संस्थेमार्फत १९८६ पासून गडचिरोलीत काम सुरू केलं, तेव्हा गावोगावी दारूचा विषय निघाला. त्यातून दारूमुक्तीची चळवळ वाढली आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. १९९६ च्या पेसा कायद्याने आदिवासी भागातल्या ग्रामसभेला नशेच्या पदार्थांवर बंदी किंवा बंधनं घालण्याचा अधिकार दिला. शेजारच्या चंद्रपुरात २०१० मध्ये हजारो बायका पारोमिता गोस्वामींच्या पुढाकाराने चिमूरहून नागपूरला विधानभवनावर चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ ला तिथेही दारूबंदी आली. २०२१ मध्ये सरकारने ती उठवली.

इथे वॉशिंग्टोनियनांची आठवण ठेवा. दारूबंदी असावी की नसावी यावर चंद्रपूरच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर दोन तास भांडण होऊ शकतं. मला त्यात आज पडायचं नाही. गावातली दुकानं आणि भट्ट्या बंद झाल्याने बायकांना श्वास घेता आला, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. पण माझ्या बाबांना दारू बंदीच्या काळातही मिळत होती आणि बंदीविना तर मिळतच होती. बंदीने बाटली लांब गेली. त्यांच्या अंगातली थरथर, संध्याकाळची भीती, लाज, हे कुठल्याच कायद्यात बसत नव्हतं. त्यासाठी दुसरं काहीतरी लागत होतं, आणि ते दुसरं आमच्याकडे फार उशिरा आलं.

२०१६ मध्ये सर्च, महाराष्ट्र शासन आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून गडचिरोलीत 'मुक्तिपथ' सुरू केलं. त्यात गावाची संघटना आणि व्यसन सोडू बघणाऱ्यांसाठी उपचार एकत्र आले. तालुक्याला ठरलेल्या दिवशी क्लिनिक आणि गावात जाऊन शिबिरं. मला यातली गावात जाण्याची गोष्ट महत्त्वाची वाटते. माणसाला महिनाभर उचलून शहरात न्यायचं आणि मग पुन्हा त्याच पारावर सोडून द्यायचं, याऐवजी उपचारच पारावर आणायचा. शेजाऱ्यांसमोर माणूस म्हणतो, 'मी सोडतोय.' मग त्याला पाजणारेही जरा बिचकतात.

गाव दीड-दोनशे उंबऱ्यांचं. इथे नाव गुप्त राहणार कसं? कोण पितो, कोण सोडतोय, कोण परवा घसरला, सगळ्या गावाला माहीत असतं. शहरात गुप्तता माणसाला वाचवते. इथे ती शक्यच नसेल, तर जपान्यांसारखं उघड बसावं, घरच्यांना घेऊन बसावं. सगळ्यांना माहीत आहे म्हणून फक्त लाज वाढते असं नाही, लक्ष ठेवणारे डोळेही वाढतात.

मग त्या मुलाला काय सांगायचं?

सगळ्यात आधी एक धोक्याची सूचना. जो रोज, खूप पितो, त्याने घरच्या घरी एकदम दारू बंद करू नये. पहिल्या दोन-चार दिवसांत थरथर, झटके, भास होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर. हेमलकशाचा दवाखाना असेल, भामरागडचं ग्रामीण रुग्णालय असेल, जे जवळ असेल तिथे. गट त्यानंतरचा. आणि 'पेशंटला न सांगता जेवणातून द्या, दारू सुटेल' अशा जाहिरातींच्या पुड्या अजिबात नकोत. नकळत दिलेलं औषध दारूबरोबर पोटात गेलं तर माणूस दगावू शकतो.

आता गट निवडताना काय बघायचं? मी बाबांच्या वेळी जे विचारलं नाही तेच सांगतो.

तिथे पोचता येतं का? पावसात, पेरणीच्या दिवसांत, खिशात भाड्याचे पैसे नसताना? महिन्यातून एकदाच भेटणाऱ्या उत्तम गटापेक्षा चालत जाता येईल असा साधा गट बरा.

भाषा कोणती? ज्याला मनातलं माडियात सुचतं, त्याला मराठीत 'शेअर करा' म्हटलं की तो गप्प बसणार. मग बाकीच्यांना वाटतं याला काही सांगायचंच नाही.

घसरल्यावर काय होतं? जिथे पुन्हा प्यायलेल्या माणसाला हाकलतात, तिथून निघा. चांगल्या गटात त्याला चहा देतात आणि विचारतात, काल नेमकं काय झालं.

घरच्यांना जागा आहे का? तुझ्या आईला तिचं बोलायला वेगळी माणसं हवीत. आणि तुलाही. बापाचा पहारेकरी होणं हे सोळा वर्षांच्या मुलाचं काम नाही.

देवाचं, मोहाचं काय? लग्नात दारू समोर आली तर काय करायचं, हे आधीच ठरवलेलं असावं. थेंब जमिनीला द्यावेत आणि द्रोण पुढे सरकवावा, असं एखाद्या गावाने एकत्र ठरवलं तर सोडणाऱ्याला दर वेळी एकट्याने 'नाही' म्हणावं लागत नाही.

आणि गट नसेलच तर? मग दोन माणसं. अक्रनमध्ये दोनच होती. तालुक्याच्या क्लिनिकमध्ये विचार, तुमच्या पट्ट्यात दारू सोडून वर्ष-दोन वर्षं झालेला कोणी आहे का. नेटवर्क मिळत असेल तर फोनवरच्या बैठका आहेत, लॉकडाउनपासून त्या बऱ्याच वाढल्या. व्यसनमुक्तीसाठी सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६. टॉवर नसलेल्या गावात हे नंबर कागदावर लिहून भिंतीला लावा. गोव्यात 'संगाथ'ने दाखवून दिलंय की डॉक्टर नसलेली, पण नीट शिकवलेली माणसं प्राथमिक आरोग्य केंद्रात चार भेटींत बोलूनसुद्धा पिणाऱ्यांना मदत करू शकतात. तो अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. म्हणजे गावातली आशाताई, शाळेतले सर, कोणीही यात उभं राहू शकतं.

हे सगळं का सांगतोय? २०१९ मध्ये आलेल्या केंद्र सरकारच्या पाहणीनुसार आपल्या देशात दारूचं अवलंबित्व असलेल्या ३८ जणांपैकी साधारण एकालाच कुठलाही उपचार मिळतो. उरलेले ३७ जण कुठल्यातरी पारावरच बसलेले असतात.

आता बाबांचं. दुसऱ्या वेळी आम्ही त्यांना कुठे पाठवलं नाही. जवळच्या दवाखान्यात पाच दिवस ठेवलं, मग घरी आणलं. शेजारच्या गावात एक निवृत्त गुरुजी होते, त्यांनी सहा वर्षांपूर्वी सोडली होती. ते रोज संध्याकाळी सायकलवर यायचे. आईला म्हणायचे, "वहिनी, चहा टाका." दोघं अंगणात बसायचे. पहिले कित्येक दिवस तर दोघं फक्त बैलांवर आणि ट्रकच्या टायरवर बोलले. मला वाटायचं, हा कसला उपचार? आई म्हणाली, "सहा ते आठ वाजतात ना? बस झालं."

बाबा मधे एकदा घसरले. गुरुजी दुसऱ्या दिवशीही आले, त्याच वेळेला. काही वर्षांनी गुरुजी वारले. त्या संध्याकाळी आम्ही सगळे घाबरलो होतो, कोणी बोलून दाखवत नव्हतं. बाबा अंगणात बराच वेळ बसले, मग उठले आणि सायकल काढली. आमच्याच गावात एक पोरगा होता, माझ्या वयाचा, खूप प्यायचा. त्याच्या दारात जाऊन म्हणाले, "चहा आहे का रे?"

दोस्ता, तुझ्या बाबांचे आता चाळीसचे सत्तर-ऐंशी दिवस झाले असतील. घसरले असतील तर आज पुन्हा पहिला दिवस, त्यात काही बिघडत नाही. कळव मला. आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणी त्या पट्ट्यात राहत असेल, सोडून काही वर्षं झाली असतील आणि संध्याकाळी सहाला मोकळं असेल, तर तुम्हीही कळवा. ओळख मी करून देतो.

पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या, जोहार.